बंगळूरची हवा

एचएसआर लेआउट म्हणजे होसूर-सर्जापूर रोड लेआउट. होसूर रस्त्यानं निघालेला माणूस सिल्क बोर्डच्या चौकात अडकतो, सर्जापूर रस्त्यानं निघालेला अगऱ्याच्या चौकात अडकतो, आणि समुद्राला या दोन्हींतला एकही रस्ता जात नाही. अशा ठिकाणी, समुद्रसपाटीपासून साधारण नऊशे मीटर उंचीवर, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून मी भाल्यानं मासे मारणाऱ्यांचा हवा भरायचा फ्लोट मागवला.

भाला सोडायची बंदूक मागवली नव्हती. भालाही नव्हता. पाण्याखाली मी चाळीस सेकंदांच्या वर श्वास धरू शकत नव्हतो. बाजारात तुरी असताना भटानं निदान भटणीवर हात उगारला होता. मी तुरीसाठी डबाच विकत घेतला.

दोष माझ्या आजोळाचा. आजोळ मालवणचं. मामांनी सारा जन्म समुद्रावर काढला, आणि मी सारा जन्म स्क्रीनवर. एका रात्री त्या स्क्रीनवर कुणीतरी एका दमात खाली जाऊन मासा घेऊन वर येताना पाहिलं आणि रक्तातलं मालवण जागं झालं. पाठीवर सिलिंडर नाही, यंत्र नाही. छातीत मावेल तेवढ्या हवेवर खाली जायचं. आपल्याला जमण्यासारखं आहे, असं रात्री दोन वाजता बरंच काही वाटतं.

सरावासाठी जागा शोधली. अगरा तलाव जवळ आहे, पण तिथं बगळे पाण्यात असतात आणि माणसं काठानं गोल फिरत असतात. ही वाटणी बदलणं बरं दिसलं नसतं. म्हणून सिल्क बोर्डच्या सिग्नलला गाडीत श्वास धरू लागलो. लाल दिवा लागला की धरायचा, हिरवा लागला की सोडायचा. पहिल्याच दिवशी कळलं की त्या सिग्नलला टिकेल असा पाणबुड्या अजून जन्माला यायचाय.

मग वाचन केलं. फ्लोट कशाला, तर वरून जाणाऱ्या होड्यांना ‘खाली माणूस आहे’ हे कळावं म्हणून. त्याला झेंडा असतो. लाल, त्यावर तिरका पांढरा पट्टा. फ्लोटपासून एक लांब दोरी बंदुकीपर्यंत जाते. मोठा मासा लागला तर बंदूक सोडून द्यायची, मासा फ्लोटला ओढत फिरतो आणि दमतो. मधल्या वेळेत माणूस त्याच फ्लोटला लोंबकळून दम खातो. म्हणजे एकाच वस्तूवर दोघं दमतात, फक्त एकाचा शेवट कालवणात होतो.

निवडायला बसलो तेव्हा लक्षात आलं की लग्न जमवणं सोपं होतं. गोल ट्यूबसारखे, टॉर्पेडोसारखे लांबट, फळीसारखे चपटे. लांबट असेल तर पाणी कापत मागून येतो. गोल असेल तर मधल्या जाळीत सामान राहतं, पण ओढताना म्हशीसारखा अडून बसतो. एक फोमचा, आतून भरीव. तो पंक्चर होत नाही, पण घडीही होत नाही, आणि आमच्या घरात ज्याची घडी होत नाही अशा वस्तूला बायकोची लेखी परवानगी लागते. हवेच्या फ्लोटमध्येही साधा पीव्हीसीचा, नायलॉनचं कव्हर घातलेला आणि टीपीयूचा असे भेद. मोठ्या माशांच्या मागं जाणारे पस्तीस लिटरचे वापरतात. एक लिटर हवा पाण्यात दाबली की साधारण एक किलो वजन उचललं जातं, हा आर्किमिडीजचा हिशेब. माझ्या हिशेबात मासा शून्य किलो होता, म्हणून बारा लिटरचा, नारिंगी, लांबट, पीव्हीसीचा फ्लोट घेतला.

तो आला त्या संध्याकाळी पायपंपानं हवा भरून बाल्कनीत ठेवला. झेंडाही लावला. अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरचे अंकल वर आले. “साऽर, कुठल्या पार्टीचा?” त्यांनी झेंड्याकडं बोट दाखवलं. मी त्यांना सगळं समजावलं: समुद्र, मासा, दोरी, दम. त्यांनी शांतपणे ऐकलं, फ्लोटवर दोनदा थाप मारली आणि म्हणाले, “चांगलं केलंत. आपल्या बेसमेंटला उपयोगी पडेल.”

मी हसलो. हे वाक्य लक्षात ठेवा.

दोन दिवस फ्लोट बाल्कनीत टणक उभा होता. टिचकी मारली की तबल्यासारखा वाजायचा. गळती नाही, अशी खात्री झाल्यावर तो तसाच, भरलेला, गाडीच्या मागच्या सीटवर लेकीशेजारी बसवला. पट्टाही लावला. तुमकूर, दावणगेरे, हुबळी, बेळगाव करत आंबोलीचा घाट उतरून मालवणला पोचेपर्यंत साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर झाले. मामांच्या अंगणात मी मोठ्या दिमाखात मागचं दार उघडलं.

फ्लोट झुकला होता. ताठ बसवलेला तो गडी लेकीच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता. टिचकी मारली तर उशीवर मारल्यासारखी वाटली.

मामा ओटीवरून आले. त्यांच्या जाळ्याला आयुष्यभर थर्माकोलचे तुकडे आणि तेलाचे रिकामे कॅन बोये म्हणून लागत आले. त्यांनी माझ्या वस्तूकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

“मेल्या, ह्यां काय हाडलंस?”

“फ्लोट, मामा. पंक्चर झालाय वाटतं वाटेत.”

“वारो खंयचो भरलंस?”

“बंगळूरचा.”

“मगे!” मामा म्हणाले, “बंगळूरच्या वाऱ्यान मालवणात तरंगतलंस? हय तरंगाचा तर हयलोच वारो भरूक होयो.”

सगळे हसले. मीही हसलो. माणूस समुद्रावर राहिला तरी विज्ञान वेगळं असतं, असं मनात म्हणालो आणि पंक्चर शोधायला बसलो.

साबणाचं पाणी करून फ्लोटवर फिरवलं. बुडबुडे येईनात. बादलीत बुडवला, तो बारा लिटरचा, बादली दहाची. पाणी सगळं अंगणात. व्हॉल्वला थुंकी लावून पाहिली. बुडबुडा नाही. शेवटी जोडाजवळ एक बारीक ठिपका दिसला. तो छपाईचा होता हे आज सांगतो. त्या दिवशी तो मला छिद्रच दिसला, कारण तासभर शोधल्यावर छिद्र सापडणं भाग असतं. खोक्यातलं ठिगळ काढून मी त्या ठणठणीत जागेवर चिकटवलं, वर दगड ठेवला आणि सकाळी पुन्हा हवा भरली. फ्लोट टणक! दिवसभर टणक! मी ठिगळाकडं ज्या अभिमानानं पाहत होतो, त्या अभिमानानं दहावीच्या निकालाकडंही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मामांनी आठवण करून दिली की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा तिथं भालाबिला काढू नकोस. भाला नव्हताच, पण कायद्यामुळं थांबलो असं म्हणायची सोय झाली. तारकर्लीला कमरेएवढ्या पाण्यात फ्लोटला लोंबकळलो. लाल झेंडा डौलात उभा. ‘खाली माणूस आहे’ असं तो सगळ्या होड्यांना सांगत होता, आणि माणूस वरच होता.

रात्री मामांनी त्यांच्या वेळचं सांगितलं. वाळका भोपळा पाठीला बांधून पोरांना विहिरीत टाकत. असे भोपळे एकत्र बांधून केलेल्या तराफ्याला सांगड म्हणत, आणि आपण मीटिंगमध्ये ‘दोन विभागांची सांगड घालू’ म्हणतो ती हीच, नदी उतरायची. फुगवलेल्या कातड्याची युक्ती त्याहून जुनी. ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदच्या राजवाड्यातला, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला एक शिल्पपट आहे. त्यात शत्रूचे बाण चुकवत नदी पार करणारी माणसं बकऱ्याच्या फुगवलेल्या कातड्यावर पोहतायत आणि पोहता पोहता तोंडानं फुंकतही आहेत. तीन हजार वर्षं होत आली, गळतीचा प्रश्न तसाच आहे. फक्त त्यांच्याजवळ ठिगळाचं पाकीट नव्हतं.

परत निघताना फ्लोट पुन्हा मागच्या सीटवर, भरलेला, टणक. मी हवा सोडणार होतो, पण मालवणची हवा बंगळूरला न्यायची कल्पना लेकीला आवडली. आंबोलीचा घाट चढू लागलो. ऊन गाडीत येत होतं.

“बाबा,” लेक मागून म्हणाली, “वेफर्सचं पाकीट बघ कसं फुगलंय.”

“अगं, कंपन्या आत हवाच जास्त भरतात.”

“नाही रे, मघाशी एवढं नव्हतं. फ्लोटपण कसातरी दिसतोय.”

मी आरशात पाहिलं. फ्लोट निमंत्रण नसताना पंगतीला बसून चार वेळा वाढून घेतलेल्या माणसासारखा दिसत होता. मी काही बोलणार तेवढ्यात ‘फाट्!’ असा आवाज झाला.

गाडी बाजूला घेतली. टायर फुटला म्हणून चारही टायर पाहिले. स्टेपनी काढून पाहिली. बायकोनं माझा शर्ट ओढून मागच्या सीटकडं दाखवलं. नारिंगी कातडं पसरलं होतं आणि वेफर्सचं पाकीट अखंड होतं. शिवण नेमकी ठिगळाच्या समोरच्या बाजूला उसवली होती. ठिगळ जसंच्या तसं.

उरलेल्या रस्त्यात नववीतल्या लेकीनं भौतिकशास्त्र घेतलं. एचएसआरला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण एक दशांशानं कमी. तिथं टणक केलेला फ्लोट खाली आणला की बाहेरची जड हवा त्याला चेपते. फ्लोटमध्ये मुळात भरायचा जास्तीचा दाब जेमतेम एवढाच असतो, त्यातला निम्म्याहून जास्त घाट उतरतानाच संपतो. उलट समुद्रावर गच्च भरून घाट चढला की बाहेरची पकड सैल होते, आतली हवा पसरते, वर ऊन तापवतं, आणि फाट्! “म्हणजे मामाआजोबा बरोबर होते,” ती म्हणाली. मी काच खाली केली. मालवणची उरलीसुरली हवा बाहेर गेली.

एचएसआरला आल्यावर सायकलचं सोल्यूशन लावून पाहिलं. पापडासारखं सोलून हातात आलं. शेवटी क्रॉसच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं गेलो. तो केरळच्या किनाऱ्यावरचा. या साऱ्या लेआउटमध्ये ही वस्तू न सांगता ओळखणारा तो एकटाच निघाला. बोट फिरवून म्हणाला, “साऽर, हे रबर नाही. रबराचं औषध रबराला.” मग शिकवलं. जागा बारीक पॉलिश पेपरनं घासायची. ॲसिटोननं पुसायची. पीव्हीसीचाच तुकडा घ्यायचा, कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. पीव्हीसीचा गोंद दोन्ही बाजूंना लावायचा आणि लगेच चिकटवायचं नाही. बोटाला चिकचिक लागेपर्यंत थांबायचं. मग दाबायचं आणि चोवीस तास हात लावायचा नाही. “शेवटचं कठीण आहे,” तो माझ्याकडं बघून म्हणाला. त्यानं माझं मालवणचं ठिगळ पाहिलं आणि विचारलं, “इथं काय झालं होतं?” मी म्हणालो, “काही नाही.” आयुष्यात एवढं खरं उत्तर क्वचितच दिलं असेल.

दुरुस्त फ्लोट कपाटावर गेला. मग २०२२चा सप्टेंबर आला. त्या पावसात आउटर रिंग रोडच्या बाजूला आयटीतली माणसं ट्रॅक्टरमधून कामावर जात होती आणि काही वसाहतींत होड्या फिरत होत्या, हे साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आमच्या बेसमेंटमध्ये गुडघ्यावर पाणी होतं. वीज बंद केलेली. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं, म्हणजे संपचं, झाकण सरकलं होतं आणि त्या गढूळ पाण्यात भोक कुठं, जमीन कुठं, कळत नव्हतं. वॉचमननं काठीनं चाचपून जागा शोधली, पण तिथं खूण काय ठेवायची?

जिन्यात अंकल उभे होते. ते काही बोलले नाहीत, नुसते वर तिसऱ्या मजल्याकडं बघत राहिले.

मी फ्लोट आणला आणि तिथंच, पाण्याच्या काठावर उभं राहून, पायपंपानं हवा भरली. वॉचमननं दोरी संपच्या कडीला बांधली. झेंडा उभा केला, लाल, त्यावर तिरका पांढरा पट्टा. दोन दिवस सगळी सोसायटी त्याला वळसा घालून आपापल्या गाड्या बघायला जात होती. फ्लोट टणक होता. टिचकी मारली की तबल्यासारखा वाजत होता.

मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं, “वारो खंयचो?”

“हयलोच,” मी लिहिलं.