बमरोलीचा मित्र आणि चौकटीतले कापड

आधुनिक कलेचे संग्रहालय पाहायला जाताना काय न्यावे हे प्रवासवर्णने सांगतात. कोणाला न्यावे हे कोणी सांगत नाही. आमचे मत असे, की बमरोलीचा मित्र न्यावा. बमरोली म्हणजे सुरतेचा उधना-पांडेसऱ्याकडचा भाग. इथे लूमच्या खडखडाटात माणसे प्रेमाचे शब्दही ओरडूनच बोलतात. या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे ताप्ती रेल्वे लाइनने येऊन स्थिरावली. त्यामुळे गुजरातेत असूनही नवी वस्तू दिसली की "हाई काय शे, भाऊ?" असा अहिराणी प्रश्न कानावर येतो. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नेमक्या याच प्रश्नाची टंचाई आहे. तो प्रत्येकाच्या मनात असतो, पण विचारायची हिंमत कोणाची होत नाही. तेव्हा सुरतेहून पहाटेची फ्लाइंग राणी धरावी आणि ही हिंमत सोबत घेऊन यावी. फक्त सोमवार टाळावा. त्या दिवशी कलेलाही सुट्टी असते.

यावर पहिला आक्षेप असा, की गिरणीतल्या माणसाला अमूर्त चित्रातले काय कळणार? उलट विचारायला हवे, की त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? सुशिक्षित प्रेक्षक आधी चित्राशेजारची पाटी वाचतो, मग चित्राकडे ओझरते पाहतो आणि पाटी खरी असल्याची खात्री करून पुढे सरकतो. बमरोलीचा माणूस पाटीच्या वाटेला जात नाही. रंग कुठे फुटला, थरावर थर कसा चढला, नक्षी कुठून पुन्हा सुरू झाली हे पाहण्याचाच तो पगार घेतो. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग चढवत व खरवडत. ही गोष्ट इतरांना ग्रंथ वाचून कळते. प्रिंटिंग मिलमध्ये आयुष्य घालवलेल्याला ती पृष्ठभागावरच दिसते. एवढेच, की तो पुढे विचारतो, "यात मॅचिंग किती?" म्हणजे हीच डिझाइन आणखी किती रंगांत निघते. समीक्षकांना हा प्रश्न अडाणी वाटेल. पण एकच रचना वेगवेगळ्या रंगांत पुन्हापुन्हा करून पाहणे हा आधुनिक चित्रकारांचा आवडता उद्योग आहे.

कापड आणि चित्र यांचे नाते आम्ही ओढूनताणून जोडलेले नाही. चित्रकार प्रभाकर बरवे १९६१ पासून सुमारे वीस वर्षे सरकारच्या विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, आधी बनारसला आणि मग मुंबईला, विणकरांसाठी काम करत होते. याच बरव्यांचे मोठे प्रदर्शन २०१९ मध्ये मुंबईच्या या संग्रहालयात भरले. फ्रान्समध्ये चित्रकार राउल द्युफी ल्योंच्या रेशीम कंपनीसाठी नक्ष्या काढत होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४९ मध्ये अॅनी अल्बर्सच्या विणकामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. थोडक्यात, चित्रकार कापडाच्या दारात येऊन गेले. आता कापडवाला चित्राच्या दारात आला, तर त्याला परका का म्हणावे?

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. साडी विकण्यासाठी असते, कला विकण्यासाठी नसते. बाजारी नजर या पवित्र दालनात नको. २०१५ मध्ये गायतोंड्यांचे एक चित्र मुंबईच्या लिलावात २९ कोटी ३० लाखांना गेले, तेव्हा हे पावित्र्य बहुधा जेवायला गेले असावे. शिवाय खुद्द इमारतीचा इतिहास पाहावा. १९९६ मध्ये संग्रहालय झाले, त्याआधी हे कावसजी जहांगीर सभागृह होते आणि तिथे बॉक्सिंगचे सामने, संपाच्या सभा, लग्नाचे स्वागतसमारंभ आणि बुटांचे सेल झालेले आहेत. भाव विचारणारा माणूस या वास्तूला नवा नाही.

तिसरा आक्षेप नेहमीचा: असा माणूस "हे तर माझा पोरगाही काढेल" म्हणून सगळ्यांची लाज काढेल. पण हे वाक्य बँकेतला किंवा सोसायटीच्या कमिटीतला माणूस म्हणतो, बमरोलीचा नव्हे. भरगच्च फुलांच्या साडीत एखादा डाग सहज लपतो. कोऱ्या एकरंगी ताक्यावर मात्र हलकासा पट्टाही उठून दिसतो आणि सगळा लॉट परत येतो. साधे दिसणारे काम सर्वांत अवघड असते, हे त्याला तोटा सोसून कळलेले असते. एकरंगी चित्रासमोर तो हसत नाही. खाली वाकून कडा तपासतो.

एक आक्षेप मात्र आम्हाला मान्य करावा लागतो. चांगले कापड दिसले की ते अंगठा आणि तर्जनीत धरून चोळल्याशिवाय त्याला राहवत नाही, आणि कॅनव्हास हेही शेवटी कापडच. रखवालदाराची शिट्टी वाजण्याचा धोका खरा आहे. तरीही हिशेब मित्राच्याच बाजूने लागतो. ज्याला वस्तू हातात घ्यावीशी वाटते तो निदान तिच्याकडे पाहतो आहे. दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरणाऱ्यांबद्दल अशी ग्वाही देता येत नाही. आणि जे आवडले नाही त्यासमोरून तो अर्ध्या मिनिटात निघतो, भूक लागली की घुमटाखालच्या शांततेत तसे मोठ्याने सांगतो. आवडनिवड उघड बोलणे ही समीक्षकाची पहिली पात्रता मानली, तर संग्रहालयाने त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घ्यायचे, की त्याला मानधन द्यायचे, एवढाच प्रश्न उरतो.