अंगावरचं दूध म्हणजे 'बाहेरचा खाऊ' नव्हे

"बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येणार नाहीत." एका थीम पार्कच्या दारात सुरक्षारक्षकाने माझ्या भाचीची थर्मल पिशवी उघडली, आतली बाटली वर धरली आणि हे वाक्य ऐकवलं. मे महिना, मागे शंभरेक माणसांची रांग, आजीच्या कडेवर सात महिन्यांचं पोर. बाटलीत भाचीने सकाळीच काढलेलं अंगावरचं दूध होतं. ते काय आहे हे तिला चारचौघांत मोठ्याने सांगावं लागलं. मग साहेब आले. बाटली सुटली, पण आइस पॅक काउंटरवरच राहिले. "यांचं आत काय काम?"

त्यांचं काय काम ते सांगते. काढलेलं ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या गारव्यात चार तास चांगलं राहतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतसुद्धा पारा त्याच्या कितीतरी वर असतो, तिथे हे चार तास हिशेबात धरूच नयेत. तेच दूध बंद थर्मल पिशवीत, गोठवलेल्या आइस पॅकना खेटून ठेवलं तर २४ तासांपर्यंत टिकतं. सारा खेळ त्या दोन आइस पॅकवर होता आणि तेच दारात काढून घेतले. दुपारी तिने बाटली हातात घेतली तर कोमट लागली. पोर रडत होतं. तिने झाकण काढलं आणि सगळं दूध बेसिनमध्ये ओतून दिलं. पहाटे उठून, अर्धा तास पंप लावून काढलेलं दूध. त्या वेळचा तिचा चेहरा मी विसरणार नाही.

"बाळ बरोबर आहे, मग थेट पाजायचं ना!" असं म्हणणारे भेटतातच. पाजावं, त्याहून सोपं काही नाही. पण कुठे? भर उन्हातल्या बाकावर, की ओल्या कपड्यांच्या चेंजिंग रूममध्ये? आणि आई तासभर मोठ्या लेकीबरोबर पाळण्यात बसली, तर तेवढा वेळ बाळाने आजीकडून बाटलीने दूध प्यायलं म्हणून काय बिघडलं? बाळ घरी ठेवून आलेल्या आईलाही दर काही तासांनी दूध काढावंच लागतं, नाहीतर छाती दगडासारखी होते. ते काढायला स्वच्छ, दार लागणारी जागा हवी. संडास ही ती जागा नव्हे.

पिशवी भरताना एवढं करा. बाटल्या लहान घ्या, प्रत्येकीवर वेळ लिहा, पिशवी सारखी उघडू नका. गाडीच्या डिकीत किंवा उन्हातल्या लॉकरमध्ये तर ती मुळीच ठेवू नका. दूध कोमट करायचं तर बाटली गरम पाण्याच्या पेल्यात धरा. स्टॉलवाल्याने कितीही आग्रह केला तरी मायक्रोवेव्ह नको, कुठे गार कुठे कढत राहतं आणि बाळाचं तोंड पोळतं. उष्टं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्या.

आईच्या दुधाचं मोल आपल्याकडे नवं नाही. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत, शीवच्या रुग्णालयात सुरू झाली. आपल्या एसटीने स्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष काढले. त्यांतल्या काहींना कुलूप दिसतं, हेही खरं, पण निदान ही गरज एसटीला कळली. तान्ह्या लेकरासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीचं नाव आपण अभिमानाने घेतो आणि तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या आईला दारात अडवतो. सार्वजनिक ठिकाणी अशा आयांची सोय हवी, असं फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना सांगितलं.

पार्कवाल्यांनो, कोट्यवधींचे पाळणे उभारता, तर प्रथमोपचार खोलीत एक छोटा फ्रीज ठेवा. शेजारी एक खोली द्या, आतून कडी लागणारी. आणि दारावरच्या फलकात एक ओळ वाढवा : 'आईचं दूध आणि आइस पॅक आत नेता येतील.' ती ओळ रक्षकालाही वाचून दाखवा. आयांनो, तिकीट काढण्याआधी फोन करून हे विचारा आणि उत्तर लेखी मागून घ्या.