काळी मैना, बाटलीबंद

मे महिना आला की शहरातल्या माणसाला रानाची ओढ लागते. यंदा आम्ही करवंदं स्वतः तोडून जॅम करायचं ठरवलं. घाटात गाडी लावली, जाळीत हात घातला. तासाभराची कमाई : पाऊण किलो करवंदं, कोपरापर्यंत ओरखडे आणि शर्टावर चिकाचे डाग. वाटेत तीच करवंदं पानाच्या द्रोणात विकणाऱ्या मावशींशी मात्र 10 रुपयांसाठी घासाघीस केली. रानमेवा फुकट असतो, हे आमचं ठाम मत.

घरी 'कोंबडा की कोंबडी' खेळण्यात पाव किलो संपली. उरलेल्यांच्या बिया काढताना संध्याकाळ गेली. चार कच्ची टाकली की पेक्टिनमुळे जॅम घट्ट होतो, हे वाचलं होतं. वजनाइतकी साखरही ओतली. गॅस कधी बंद करायचा, एवढंच वाचायचं राहिलं. बशीवर थेंब टाकून बघेपर्यंत पातेल्यात दगड तयार.

हिशेब मांडला : पेट्रोल, टोल, साखर, गॅस, मलम. एक बाटली 1800 रुपयांना पडली. वर चिठ्ठी चिकटवली, 'अस्सल रानातलं'. मावशींच्या द्रोणावर चिठ्ठी नसते. म्हणून तर घासाघीस करता येते.