खाकरणारे अण्णा

कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी आणि दोघांची मिळून एकच नगरपरिषद. अशा गावात माणसं एकमेकांना चेहऱ्याआधी आवाजावरून ओळखतात, आणि आवाजांत सर्वांत वरचा मान अण्णांच्या खाकरीला असतो. अण्णा हे कोणा एकाचं नाव समजू नये. आळीआळीत ही जागा भरलेली असते. एक अण्णा निवर्तले की महिन्या-दोन महिन्यांत पुढच्या घरातून कोणीतरी घसा साफ करू लागतो. पहाटे साडेपाचला मोरीत तांब्या आपटला की कार्यक्रम सुरू. आधी खर्जात एक चाचपणी, मग मधली दोन बोटं जिभेच्या मुळापर्यंत, आणि त्यापाठोपाठ खडकात बोअर मारणारी गाडी दारात उभी राहावी तसा आवाज. शेजारची पोरं दचकून उठतात, मांजर पडवीवरून उडी टाकतं. पाच मिनिटं हा डोंगर पोखरून शेवटी निघतो तो नखाएवढा बेडका. अण्णा वाकून त्याचा रंग पाहतात आणि समाधानाने जाहीर करतात, "आज जरा सुटलाय."

अण्णांचं निदान कायमचं ठरलेलं आहे: आपली प्रकृतीच कफाची. माझं म्हणणं असं की अण्णांचा कफ छातीत थोडा आणि मानमरातबात जास्त आहे, आणि जो थोडा आहे त्यातलाही बराचसा खाकरण्यानेच तयार झालेला आहे. धडधाकट माणसाच्या नाकात, घशात आणि श्वासनलिकेत रोज साधारण लिटरभर पातळ स्राव तयार होतो असं धरतात. तो धूळ आणि जंतू चिकटवून मागे सरकतो आणि आपण नकळत गिळून टाकतो. अण्णांनाही तेवढाच मिळतो, फक्त ते तो गिळायला तयार नाहीत. मान्युएल गार्सिया या गाण्याच्या शिक्षकाने १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडून, स्वतःचे स्वरतंतू पाहिले. तेव्हापासून घशाचे डॉक्टर आत डोकावत आहेत आणि त्यांचं सांगणं सरळ आहे. जोराने खाकरलं की हे दोन नाजूक पडदे एकमेकांवर आपटतात. आपटून सुजतात. सूज आली की घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आणि दुखऱ्या जागेवर पांघरूण घालायला शरीर आणखी चिकटा सोडतं. तो काढायला अण्णा पुन्हा खाकरतात. वर्षानुवर्षं चाललेला हा धंदा म्हणजे स्वतःच गिऱ्हाईक तयार करून स्वतःच माल विकणं.

यावर अष्टमीकरांचा पहिला आक्षेप हवेचा. तो अगदीच फेटाळता येणार नाही. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, भिंतींना ओल चढते, कपाटातल्या धोतरावर बुरशी येते. आणि धाटावची रासायनिक वसाहत फार लांब नाही. धूळ, धूर, बुरशी यांनी नाक चोंदतं आणि पाणी मागच्या बाजूने घशात उतरतं, हे खरंच. पण हवा तर सगळ्यांना सारखी. अण्णांच्या घरातल्या अक्कांनी तीच हवा घेतली, शिवाय जन्मभर चुलीचा धूर वेगळा. त्यांनाही पडसं होतं, घसा धरतो. त्या पदर तोंडाला लावून दोनदा खोकतात आणि भाकरी उलटतात. अक्का खाकरल्या म्हणून ओटीवरचं कोणी कधी उठून उभं राहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या कफाने जोर धरला नाही. अण्णांची खाकर मात्र हवामानापेक्षा माणसांकडे बघून चालते. गाढ झोपेत ती थांबते. मालिकेत खून होत असताना थांबते. वर्गणीचं पुस्तक घेऊन मंडळाची पोरं दिसली, सभेत आपल्याला मागची खुर्ची मिळाली, जावई राजकारणावर बोलू लागला, की लगेच घसा भरून येतो. दिवा–रोहा गाडीत चौथी सीट मागायची तर अण्णा तोंडाने शब्द काढत नाहीत. नुसते खाकरतात आणि तिघं आपोआप सरकतात.

याला जुना आधार आहे. ओटी आणि माजघर यांच्यामध्ये दाराचीही धड सोय नसायची तेव्हा वडीलधाऱ्या पुरुषाने आत पाऊल टाकण्याआधी खाकरणं ही सभ्यता होती. सुनांनी डोक्यावर पदर घ्यावा, चाललेली कुजबुज आवरावी, एवढी उसंत त्यातून मिळे. रोह्यात पोलिसांची मानवंदना मिळते ती ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला. बाकीच्यांनी आपल्या येण्याची वर्दी आपणच द्यायची. पुढे घरांना कड्या आल्या, घंटी आली, सुना नोकरीला लागल्या. खाकरीचं काम संपलं, पण पद रद्द करण्याचा ठराव कोणी मांडला नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: थट्टा पुरे, खरंच आजार असला तर? असू शकतो, आणि म्हणूनच प्रकृतीच्या नावाखाली सगळं खपवणं वाईट. रात्री दहाला वालाचं बिरडं, वर पेणचे पोह्याचे पापड तळून, आणि साडेदहाला आडवं; मग पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतं. छातीत जळजळ नसली तरी घसा खवखवतो, आणि त्याला आपण कफ म्हणतो. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिलसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरला सांगितलं तर बदलून मिळते. अण्णांची तंबाखू आणि तपकीर यांची तर त्या बेडक्यात भागीदारीच आहे. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर सरकारी दवाखान्यात थुंकी फुकट तपासतात. थुंकीत रक्त, तीन आठवडे बसलेला आवाज, गिळताना अडकणं, कारण नसताना उतरलेलं वजन यांना काढा पाजत बसू नये.

यांपैकी काहीच निघालं नाही, तर उरते ती सवय, आणि तिच्यावरचा उपाय फुकटचा आहे. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवायचे, तंबाखू सोडायची, आणि खाकरण्याची ऊर्मी आली की घोटभर पाणी पिऊन किंवा नुसतं जोर लावून आवंढा गिळायचा. काही आठवडे हे नेटाने केलं तर सूज उतरू लागते आणि ऊर्मीही विरळ होते. अण्णा उपचाराला नाही म्हणत नाहीत. ज्येष्ठमधाची काडी ते चारचौघांत चघळतात, सितोपलादी मधात कालवताना चमचा वाटीवर वाजवतात, जलनेती करतात तेव्हा अख्ख्या आळीला कळतं. आवंढा गिळण्याचा उपाय मात्र त्यांनी एका सकाळीच सोडला. त्याने गुण येत नाही असं त्यांचं म्हणणं नाही. तो केलेला कोणाला ऐकूच जात नाही.