मागच्या सीटचे यजमान

पद्मिनीवाले काका ओळखण्यासाठी त्यांच्या आसपास गाडी असावीच लागते असं नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी सहज म्हणतं, "काय उकडतंय हो!" त्यावर शेजारचे गृहस्थ जिलबीवरची नजर न हलवता उत्तर देतात, "हवा नुसती वरून सोडलीय. परत ओढून घ्यायची सोयच केलेली नाही. उकडणारच." हे पद्मिनीवाले काका. पुढचा मसालेभात येईपर्यंत तुम्हाला कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल यांतला फरक समजलेला असतो, आणि तुम्ही तो विचारलेला नसतो.

पुण्यात ही मंडळी कोथरूड, सहकारनगर, चिंचवड अशा भागांतल्या जुन्या सोसायट्यांत आढळतात. वय पासष्टीच्या पुढे. नोकरी कुठल्या तरी कारखान्यात झालेली. गुडघा एकच दुखतो, डावा, कारण क्लचचा पाय तोच. खिशात रुमाल दोन, एक स्वतःसाठी आणि एक बॉनेटसाठी. बॉनेटचा जास्त स्वच्छ.

गाडी १९७४ची. त्याच साली या फियाटला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं, हे काका पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. पुढच्या पाच मिनिटांत वालचंद हिराचंद येतात, १९४४ साली स्थापन झालेली प्रीमियर कंपनी येते, कुर्ल्याचा कारखाना येतो. बोलण्यात कर्जाचा विषय निघाला, तर लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढून फियाटच घेतली होती, हेही येतं. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा काकांनी आठवडाभर गोड खाल्लं नाही. काकूंचं म्हणणं, शुगरमुळे तसंही त्यांना कुणी देत नव्हतं.

जुन्या गाड्यांच्या जगात दोन पंथ आहेत. एक ओरिजिनलवाल्यांचा. यांच्या गाडीत स्क्रूसुद्धा त्या काळातला लागतो. नवा बसवला तर तो गंजेपर्यंत यांना चैन पडत नाही. दुसरा पंथ सोयवाल्यांचा. त्यांच्याविषयी पहिल्या पंथात दिवंगतांविषयी बोलावं तसं हळू आवाजात बोलतात. काका जन्मभर पहिल्या पंथात होते. "गाडी सोलापूरच्या माणसानं काढलेल्या कंपनीची आहे, उन्हाला भीत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर काकूंचंही ठरलेलं, "गाडी भीत नसेल. मी भिते."

काकांचं पंथांतर झालं ते नातवामुळे. हा मुलगा ज्या गाडीत वाढला तिच्यात पुढच्या दोन सीटांच्या मधून मागे गार वारा येतो. सूर्याप्रमाणे तोही असणारच, अशी त्याची समजूत. पद्मिनीत बसल्यावर त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, इथलं एसीचं भोक कुठंय?" काकांनी पुढच्या दाराची ती त्रिकोणी काच फिरवून दाखवली. पूर्वी हीच सोय होती. काच बाहेर वळवली की छातीवर वारा. पण तो पुढच्यांच्या छातीवर. मागे पोचतो तो कोमट होऊन, बरोबर धूळ घेऊन. पुढच्या रविवारी सून म्हणाली, "बाबा, आम्ही आमच्या गाडीनं येतो." मुलगाही तिच्याबरोबर गेला. काकू म्हणाल्या, "मीही त्यांच्यातच बसते, मुलाला कुणीतरी धरायला हवं." नातू तिसरीत होता.

काका एकटेच मागून गेले. परत आले ते मागच्या सीटला एसी बसवायचा निश्चय करून. पुढच्या नव्हे, मागच्या. पुढे ते स्वतः बसतात, आणि स्वतःची सोय करणं हा त्यांच्या मते गाडीचा अपमान.

वेळ मात्र नेमकी चुकली. २०२१पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. काकांची गाडी पन्नाशीला आली २०२४मध्ये, आणि त्याच वर्षी हा गृहस्थ तिला भोकं पाडायला निघाला. ओरिजिनलपंथी मित्रांनी संबंध तोडायची भाषा केली. तेव्हा काकांनी हुकमाचं पान काढलं. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं १९४० साली एसीवाली गाडी विकायला आणली, कारखान्यातून एसी बसवून आलेली ती पहिली. तिची कूलिंग कॉइल कुठे होती? डिकीत! गार हवा मागच्या सीटच्या पाठीमागून येई. "म्हणजे एसी आधी मागे आला, मग पुढे सरकला. मी उलट मूळ परंपरेकडे चाललोय." मित्र गप्प झाले. पंथ कुठलाही असो, परंपरेपुढे पुण्यात कुणाचं काही चालत नाही.

त्या पॅकार्डचा एसी बंद करायला बटण नव्हतं. कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. थंडी वाजायला लागली की इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि बेल्ट काढून ठेवायचा. हे काकांनी कौतुकानं सांगितलं तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. "म्हणजे तुमच्यासारखंच की. सुरू झालं की थांबवायला काही नाही."

मग नाना पेठेतले मिस्त्री. त्यांनी बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "होईल काका. पण पिकअप जाईल." पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, घोडे चाळीसेक. त्यातले चार-पाच कॉम्प्रेसर खाणार. काका म्हणाले, "माझे पस्तीस घोडे पुरेत." इथवर व्यवहार सोपा होता. पण नालेसाठी घोडा घेतात तसं पुढे सुरू झालं. कॉम्प्रेसर लागला की इंजिन सिग्नलला मरतं, म्हणून कार्बोरेटरला आयडल वाढवणारी डबी. ब्लोअरला वीज हवी, ती १९७४च्या डायनॅमोला झेपत नाही, म्हणून अल्टरनेटर. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसला, त्यानं रेडिएटरचा वारा अडला, म्हणून पुढे विजेचा पंखा. पंख्यानं आणखी वीज खाल्ली, म्हणून मोठी बॅटरी. मग दारांची रबरं, कारण त्यांतून बाहेरची चांदणी दिसत होती. टपाला आतून अस्तर. काचांना काळी फिल्म लावता आली असती तर ऊन कमी झालं असतं, पण सुप्रीम कोर्टानं २०१२मध्येच ती बंद केली. त्या निकालावर नापसंती व्यक्त करणारे काकांइतके कळकळीचे नागरिक मी फार पाहिलेले नाहीत.

मागचं युनिट एका निवृत्त क्वालिसचं मिळालं. क्वालिसमध्ये ते टपाला असतं. पद्मिनीत टपाला लावलं असतं तर बसणाऱ्यांना मान घरी ठेवून यावं लागलं असतं. म्हणून ते मिस्त्रींनी डिकीत बसवलं आणि मागच्या काचेखालच्या फळीत जाळ्या काढल्या. सामान गेलं टपावरच्या कॅरिअरवर. सगळ्या बिलांची बेरीज काकांनी कधी केली नाही. बेरीज झाली की ती काकूंना कळते, असा त्यांचा अनुभव आहे.

पण गार झालं. अगदी पहिल्याच दिवशी. गाडीखाली पाण्याचे थेंब पडू लागले. वॉचमन धावत आला, "काका, गाडी गळतेय!" काकांनी इतक्या अभिमानानं मुलाच्या निकालाचे पेढेही वाटले नव्हते. "गळत नाही रे, हवेतलं बाष्प आहे ते!" सोसायटीतल्या प्रत्येकाला मागे बसवून एकेक चक्कर झाली. माझीही झाली. मानेवर थेट हिमालय. पुढे पाहिलं तर काकांच्या शर्टाची पाठ पूर्ण भिजलेली. गार हवा पुढच्या सीटच्या पाठीशी अडत होती, आणि त्यांना ती त्रिकोणी काचही उघडता येत नव्हती, कारण उघडली तर मागची थंडी जाते. गळ्यात पंचा घालून घामाघूम झालेला माणूस दर दोन मिनिटांनी विचारत होता, "मागे कसं वाटतंय?" आरशातून रस्ता दिसत नव्हता. आरसा मागे बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर रोखलेला होता.

पावसाळ्यात वेगळंच. जाळीतली गार हवा थेट मागच्या काचेला लागते, त्यामुळे काच बाहेरून धुरकटते, आणि मागे वायपर नाही. सिग्नलला नातवानं उतरून पुसायची. त्याला ते आवडतं. एवढ्या वयात गाडीत अधिकृत पद कुणाला मिळतं?

हीटर आला तो काकूंच्या शालीमुळे. एसीला तापमान कमी-जास्त करायची सोय नव्हती. एक चालू होतं आणि एक बंद. बंद केलं तर काका हिरमुसतात. म्हणून काकू मे महिन्यात शाल पांघरून बसू लागल्या. काकांनी ते आरशातून पाहिलं आणि तोडगा काढला. इंजिनाचं गरम पाणी नळीनं मागे न्यायचं, सीटखाली छोटा रेडिएटर आणि त्याला पंखा. "मोठ्या गाड्यांत हेच करतात. गार हवेत गरम मिसळून बेतशीर करतात." हे खरंच आहे. पण पुण्यातला माणूस एका वेळी एसी आणि हीटर दोन्ही लावून बाजीराव रोडनं जातो, हे पाहायला मात्र पद्मिनीच लागते. जाहीर कारण त्यांनी दुसरंच दिलं. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची हिवाळ्यातली बातमी कापून ती मिस्त्रींना दाखवली. मिस्त्री म्हणाले, "तिकडे कधी जाणार?" काका म्हणाले, "मेमध्ये."

गेलेही. वाई सुटली, पसरणीचा घाट लागला, आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. जुन्या गाडीचं इंजिन चढावर तापलं की करायच्या दोन गोष्टी ड्रायव्हर लोकांना पाठ असतात. एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण उघडायचा. हीटर म्हणजे दुसरा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता त्या वाटेनं निघून जाते. ती कुठे जाते? मागच्या सीटवर.

"अहो, मे महिना आहे!" काकू म्हणाल्या.

"इंजिनाला कुठे माहितीय ते?"

"मला माहितीय ना!"

"दोनच वळणं राहिलीत."

पसरणीच्या घाटात दोनच वळणं कधीही राहिलेली नसतात. नातवानं पायांशी गरम वारा सोडणाऱ्या जाळीकडे पाहून विचारलं, "आजोबा, हे भोक बंद कसं करायचं?" काका मात्र पुढे एसी बसल्यापासून प्रथमच गार होते. मागची सगळी हवा बाहेर जावी म्हणून त्यांनी त्रिकोणी काच उघडली होती.

पाचगणीला उतरल्यावर सून म्हणाली, "बाबा, येताना आपण तुमच्याच गाडीत बसू. उतारावर एसी चालतो ना?" ती समंजस आहे. काकांनी तेव्हापासून तिच्या गाडीबद्दल वाईट बोलायचं सोडलं आहे. आता फक्त "बरी आहे" म्हणतात.

माझं मत विचाराल तर काका या गाडीत एकदाही मागे बसलेले नाहीत, आणि बसणारही नाहीत. स्वतःला मिळणार नाही अशा थंडीसाठी इतका घाम गाळणारा माणूस चक्रम असेल, कंजूष नक्कीच नाही. पुढच्या सीटलाही एसी बसवा, असं मिस्त्रींनी दोनदा सुचवून पाहिलं. काका म्हणाले, "पुढे कशाला? तिथं कोण असतं?"

तुमच्या ओळखीत असे काका असतील आणि त्यांनी चक्कर मारायला बोलावलं, तर जरूर जा. मागेच बसा, तो मानाचा भाग आहे. शाल घ्या. घाट लागणार असेल तर पंचाही घ्या. आणि "कसं वाटतंय?" असा प्रश्न आला की क्षणाचाही विलंब न करता "एकदम मस्त" म्हणा. उत्तराला उशीर झाला की काका मान वळवून मागे बघतात, आणि गाडीचे ब्रेक मात्र अजून १९७४चेच आहेत. चारही ड्रम.