किल्ल्यांचा जुडगा

सातिवलीच्या आमच्या वसाहतीत दिवस उजाडतो तो शटरांच्या खडखडाटाने. तुंगारेश्वराच्या डोंगरावरून ऊन अजून खाली उतरायचं असतं, पण चहावाल्याची किटली गाळ्यागाळ्यांतून फिरून आलेली असते. मार्च २०२३ मधल्या अशाच एका सकाळी भाच्याचा फोन आला. तो टीसीएसच्या ठाण्याच्या ऑफिसात असतो आणि घोडबंदरच्या वाटेवर, गायमुखच्या चढणीला गाडी अडकली की वेळ घालवायला मामाची आठवण काढतो. म्हणाला, "मामा, आमचे सीईओ बदलले."

बातमी मोठीच होती. राजेश गोपीनाथन यांचा राजीनामा १६ मार्चला जाहीर झाला आणि त्याच दिवशी के. कृतिवासन यांचं नावही. कारभार हाती येणार १ जूनला. म्हणजे साखरपुडा फाल्गुनात आणि लग्न ज्येष्ठात! जुने साहेब पुढे १५ सप्टेंबरपर्यंत थांबणार होते, नव्यांना घर दाखवायला. आता गंमत बघा, कृतिवासन त्या घरात १९८९ पासून आणि गोपीनाथन २००१ पासून. कोणी कोणाला माजघर दाखवायचं? १९६८ साली सुरू झालेल्या त्या कंपनीत फकीरचंद कोहलींपासून मोजलं तर हे पाचवे कारभारी. रामदोराई, चंद्रशेखरन, गोपीनाथन आणि आता हे. आमच्या वसाहतीचे सेक्रेटरी याहून भराभर बदलतात.

संध्याकाळी भाच्याच्या घरी हाच विषय निघाला. आजीने चिंतेने विचारलं, "साहेब बदलले म्हणजे तुझी बदली होणार का रे?"

"आजी, मी त्यांना कधी पाहिलंही नाही."

"त्यांनी तुला पाहिलंय का?"

सहा लाखांहून अधिक माणसांतून नातवाला निवडून बघायचं साहेबांच्या लक्षात राहिलं नाही, याचं तिला मनापासून वाईट वाटलं. मग तिने सकाळच्या डब्यासाठी भेंडी चिरायला घेतली.

मला मात्र शेजारच्या गाळ्यातले अण्णा आठवत राहिले. अण्णा प्लास्टिकची बुचं काढतात. काढत होते, असं म्हणायला हवं, कारण आदल्या दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घालून त्यांनी मुलाच्या हाती किल्ल्या दिल्या. मुलाने फिरती खुर्ची आणली. जुनी लाकडी खुर्ची भिंतीला लागली, पण तिच्या पाठीवरचा घडी केलेला टॉवेल काही कोणी उचलला नाही. देवळाबाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे पाहून आत कोण आहे ते कळावं, तसा तो टॉवेल. अजूनही उचल मागायला आलेला कामगार आधी त्या टॉवेलकडे बघतो आणि मग मुलाशी बोलतो. मुलगा समंजस. तोही आधी तिकडेच बघतो.

अण्णा रोज साडेआठला येतात. मेन स्विच आपल्याच हाताने चढवतात, मशीन तापेपर्यंत कानोसा घेत उभे राहतात, साच्यातून पडलेलं पहिलं बूच उजेडाकडे धरून बघतात आणि काही न बोलता खिशात टाकतात. "आपण आता नुसते सल्ल्यापुरते," हे मला रोज सांगतात. टीसीएसने घर दाखवायला सहा महिने ठेवले होते. अण्णांची मुदत कोणी लिहूनच ठेवलेली नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, "सगळ्या किल्ल्या दिल्यात ना?" तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बुचांबरोबर एक पितळी किल्ली बाहेर काढली. दात झिजून गुळगुळीत झालेले. गोखिवऱ्याच्या त्यांच्या पहिल्या, भाड्याच्या गाळ्याची. तो गाळा कधीच पाडला, आता तिथे चार मजली इमारत आहे.