तोड लांबणीवर

साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून माणूस निवृत्त होतो, पण त्याच्या अंगातलं खातं काही निवृत्त होत नाही. भवानीनगर ते वालचंदनगर या पट्ट्यात असे पुष्कळ जण भेटतात. सकाळी नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून फिरून येतात, पेपर वाचतात, आणि दहा वाजले की त्यांना प्रश्न पडतो, आता ताटकळत ठेवायचं कुणाला? आमच्या आबांचा हा प्रश्न एका झाडाने सोडवला.

झाड ज्युनिपरचं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने येताना सोरतापवाडीच्या नर्सऱ्या लागतात, तिथून साडेतीनशेला आणलेलं. तेव्हा ते झाड कमी आणि भांडी घासायचा काथ्या जास्त दिसत होतं. आबांनी जाहीर केलं, याचं बोन्साय करायचं.

"म्हणजे काय करायचं?" काकूंनी विचारलं.

"याला मोठं होऊ द्यायचं नाही."

"जन्मभर लोकांना एकरी शंभर टनाला चला म्हणून सांगत हिंडलात, आणि आता हे?"

आबांनी उत्तर दिलं नाही. खात्याची सवय आहे ती.

बोन्सायचं पहिलं काम म्हणजे नुसतं बघणं. कुंडीतली वरची माती हलकेच बाजूला करायची, बुंधा जिथे मुळांत पसरतो ती जागा शोधायची, मग झाड फिरवून फिरवून त्याची पुढची बाजू ठरवायची. आबा या कामासाठीच जन्माला आले होते. प्लॅस्टिकच्या स्टुलावर कुंडी ठेवून ते रोज तिची पाहणी करत. कधी पूर्वेकडून, कधी पश्चिमेकडून. डायरीत नोंद होई. एका फांदीबद्दल वाद होता. ती सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत घुसायची, त्यामुळे शास्त्राप्रमाणे तिची तोड व्हायला हवी होती. आबांनी तिची नोंद घेतली आणि पुढच्या पंधरवड्यात बघू म्हणाले.

हे वाक्य या पट्ट्यात किती बांधांवर ऐकलं गेलंय! आडसाली ऊस पंधरा-सोळा महिन्यांचा होऊन तोडीला येतो, पुढे त्याला तुरा फुटतो, वजन घटायला लागतं, आणि शेतकरी तोडीच्या चिठ्ठीसाठी साहेबांच्या दारात चपला झिजवतो. आबांनी कुणाला कधी नाही म्हटलं नाही. फक्त 'पुढच्या पंधरवड्यात बघू' म्हटलं.

मातीचं प्रकरण मात्र त्यांनी तातडीने हाती घेतलं. आपली काळी माती उसाला सोनं, पण ज्युनिपरला फाशी. पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. पाणी झरझर उतरून जाईल अशी भरड, खडेदार माती लागते. म्हणून विटांचे तुकडे फोडणं आलं, ते चाळणं आलं, आणि त्यासाठी काकूंची गव्हाची चाळण आली. त्याआधी कुंडीतल्या मातीचा नमुना घेऊन आबा माती परीक्षणाला गेले होते. अर्जावर पीक लिहिलं ज्युनिपर, क्षेत्र नऊ इंच बाय सात. समोरच्या पोराने अदबीने विचारलं, "साहेब, गुंठ्यात सांगता का?"

तारेचंही तसंच. फांद्यांना वळण द्यायला त्यांच्याभोवती तार गुंडाळतात. पुण्यात ॲल्युमिनियमची मिळते, पण आबा पैसे टाकायला तयार नव्हते. त्यांनी मोटर रिवायंडिंगवाल्याकडून जळक्या मोटरीची तांब्याची तार आणली. बारीक होती, तीन पदर एकत्र पिळले. गंमत अशी, की जपानमध्येही अशा सूचिपर्णी झाडांना तांब्याचीच तार वापरतात, आणि ती मऊ व्हावी म्हणून आधी तापवून घेतात. आपल्याकडे ते काम रोहित्र आणि कमी दाबाची वीज फुकटात करून देतात. तार सालीत रुतण्याआधी काढावी लागते, ती कधी काढायची याचं वेळापत्रक आबांनी भिंतीवर लावलं. एवढं एकच वेळापत्रक त्यांनी हयातीत पाळलं असावं.

आता पुतण्या. बोरीला त्याची द्राक्षबाग आहे आणि त्याच्या अंगात उरक आहे. काकांचं बघून त्यानेही त्याच नर्सरीतून ज्युनिपर उचललं. रविवारी सकाळी बसला, दुपारच्या आत छाटणी, तार, मुळं कापून नवीन उथळ कुंडी, वरून खताचा डोस, सगळं उरकलं. एप्रिलच्या खरड छाटणीत वेल उघडाबोडका केला तरी फुटतो, हा त्याचा अनुभव. काही फांद्यांवर त्याने हिरवं ठेवलंच नाही. ऑक्टोबर छाटणीतली उरलेली पेस्टही काड्यांना लावली म्हणतात, पण ते आबांकडून ऐकलेलं आहे, तेव्हा थोडं वजा करून घ्यावं. फोटो सगळ्या ग्रुपवर गेला. अभिनंदनांचा पाऊस पडला.

ज्युनिपर हे फार सभ्य झाड आहे. मेलं तरी लगेच सांगत नाही, काही आठवडे हिरवंच राहतं. पुतण्या अभिनंदनं स्वीकारत होता तेव्हाच त्याचं झाड बहुधा गेलेलं होतं. तांबूस व्हायला लागल्यावर त्याने पाणी वाढवलं. वेलाच्या जुन्या काडीत डोळे असतात. ज्युनिपरच्या नागड्या फांदीतून सहसा काही फुटत नाही. आणि एका बैठकीत या झाडावर एकच मोठं काम करायचं, छाटणी झाली तर मुळांना हात लावायचा नाही, हिरव्याचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग काढायचा नाही. थोडक्यात, शेतकी खात्याच्या गतीने चालायचं.

आबांचं झाड त्यामुळेच जगलं. एका वर्षी तार, दुसऱ्या वर्षी मुळं. उन्हाळ्यात बारामतीचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी शेडनेटखाली, एरवी बाहेर. दिवाणखान्यात तर कधीच नाही. मध्यंतरी शेंडा वाळला, तेव्हा काकूंना वाटलं सुटलो. पण वाळका शेंडा सोलून पांढरा ठेवणं ही यातली मोठी कारागिरी. त्याला लावायला चुना आणि गंधक उकळावं लागतं. गंधक पुतण्याकडचं, चुना निमगाव केतकीच्या पानमळेवाल्या पाहुण्यांकडचा. सडक्या अंड्याचा तो वास दोन दिवस आळीत होता.

आबांचा आवडता किस्सा वॉशिंग्टनच्या पाइनचा. ते बोन्साय 1625 पासून जपानमध्ये घडवलं जात होतं, 1945 मध्ये हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलं, आणि 1976 मध्ये यामाकी घराण्याने अमेरिकेला भेट दिलं. सांगून झालं की आबा चष्मा काढतात. "चारशे वर्षं झाली. कुणी घाई केली?" समोरचा बहुतेक एखादा जुना ऊस उत्पादक असतो, त्यामुळे तो गप्प बसतो.

मागच्या हंगामात सणसरचे एक अण्णा असेच आले. कधीकाळी त्यांचा दोन एकर ऊस तुऱ्यावर गेला होता. चहा घेता घेता त्यांची नजर त्या पुढे आलेल्या फांदीवर गेली.

"साहेब, ही मधे येतीय. काढायची नाही का?"

"नोंद आहे तिची. पुढच्या पंधरवड्यात बघू."

अण्णांनी कप खाली ठेवला, ताटलीतली कात्री उचलली आणि कचकन फांदी तोडली. आबांचा आवाजच फुटेना. मग त्यांनी मान तिरकी करून झाडाकडे पाहिलं, स्टूल थोडं फिरवलं, पुन्हा पाहिलं. झाड मोकळं झालं होतं. बुंध्याचं वळण पहिल्यांदाच नीट दिसत होतं.

आता कुणी पाहुणा आला की आबा त्याला बरोबर समोर उभं करतात आणि त्या जागेवर बोट ठेवतात. "इथली एक फांदी काढायला मला तीन वर्षं विचार करावा लागला."

आतून काकूंचा आवाज येतो, "आणि तोडीची चिठ्ठी कुणाच्या नावावर फाटली तेही सांगा."